चित्रफितीचा पाठ आणि प्रत्याभरण

प्राथमिक शाळांतून अध्यापनासाठी चित्रफितींचा, म्हणजे सामान्य बोलीत व्हिडिओंचा, उपयोग करणे आता सर्वपरिचित झाले आहे. कित्येक शाळांत लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून दूरदर्शनचा मोठा संच आलेला आहे. जेथे तो नाही तेथे शिक्षकाचा स्वतःचा मोबाईल त्या कामी येतो. पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर कोडचे चौकोनी चिन्ह मोबाईलने टिपले, की धड्याशी संबंधित चित्रफीत समोर उभी राहते. मुले ती आवडीने पाहतात. वर्गात शांतता असते, आणि पाठ संपल्यावर “समजले का?” या प्रश्नाला सर्व मुले एका स्वरात “हो” म्हणतात.

या होकाराने शिक्षकाची पुष्कळदा फसगत होते. दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर एखादा साधा, पण कारण विचारणारा प्रश्न केला, तर मुलांना चित्र आठवते, त्यातील गाणे आठवते, परंतु कारण सांगता येत नाही. मुलांनी लक्ष दिले नव्हते असे नाही. चित्रफितही पुष्कळदा चांगली केलेली असते. उणीव निराळीच असते. वर्गात शिकविणारा शिक्षक मुलांच्या मुद्रा पाहतो, एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली तर थांबतो, उदाहरण बदलतो. चित्रफितीला हे काहीच करता येत नाही. मूल चुकीचे समजले तरी ती त्याच गतीने पुढे जाते, आणि आपण चुकलो आहोत हे मुलालाही कळत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या गोष्टीला शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ असे म्हणतात. मुलाने काही उत्तर दिले, काही कृती केली. त्यात काय बरोबर आहे, काय राहिले आहे आणि पुढे काय करावे हे त्याला कळणे म्हणजे प्रत्याभरण. शब्द जड असला तरी गोष्ट जुनी आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली व तीत सूतकताईला महत्त्वाचे स्थान मिळाले. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाचा पीळ कमी पडला, की धागा तुटे. शिक्षकाने तोंड उघडण्यापूर्वीच मुलाला आपली चूक कळलेली असे, आणि तो दुसऱ्यांदा धागा ओढताना हात सावरून घेई. हस्तोद्योगात हे प्रत्याभरण कामातच असते. चित्रफीत पाहताना मात्र कोणताही धागा तुटत नाही. म्हणून तेथे ते शिक्षकाने मुद्दाम आणावे लागते.

चित्रफीत सोपी का वाटते

गॅव्रिएल सॉलोमन या अभ्यासकाने १९८४ साली सहाव्या इयत्तेतील मुलांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. त्याने एकच विषय काही मुलांना पडद्यावर दाखविला व काहींना छापील मजकुरातून वाचावयास दिला. पडद्यावरून शिकणे सोपे आहे असा मुलांचा समज होता, आणि तेवढ्यामुळेच त्यांनी पाहताना बुद्धीला कमी ताण दिला. वाचणाऱ्या मुलांनी अधिक कष्ट घेतले. ज्या प्रश्नांसाठी तर्क करावा लागे त्यांची उत्तरे वाचणाऱ्या मुलांनी अधिक चांगली दिली. करमणुकीच्या वेळी ज्या सवयीने मूल पडद्याकडे पाहते तीच सवय ते वर्गात घेऊन येते, हा त्यातून घ्यावयाचा बोध.

ऑस्ट्रेलियातील डेरेक मुलर यांनी २००८ च्या सुमारास पदार्थविज्ञानाच्या चित्रफितींवर केलेले काम याहून अधिक सूचक आहे. विषय सरळ, सुबोध रीतीने सांगणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना आवडली. तीतून सर्व स्पष्ट झाले असे त्यांनी सांगितले. परंतु त्यांच्या मनात आधीपासून असलेल्या चुकीच्या कल्पना बहुतांशी तशाच राहिल्या. कारण आपल्या मनात आहे तेच पडद्यावर सांगितले जात आहे असे त्यांना वाटत राहिले. याउलट ज्या चित्रफितीत ती चुकीची कल्पना प्रथम उघड बोलून दाखविली होती व नंतर तिचे खंडन केले होते, ती विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारी वाटली, पण तीतून ते अधिक शिकले. सुबोधपणा आणि बोध या दोन गोष्टी एकच नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

यावर उपाय काय, याचे एक उत्तर हार्वर्ड विद्यापीठात झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळते. २१ मिनिटांचे एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चार भागांत तोडून दाखविण्यात आले. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक भागानंतर त्या भागावर छोटे प्रश्न विचारले, इतरांना विचारले नाहीत. प्रश्न विचारले गेलेल्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि शेवटच्या चाचणीतही ते पुढे राहिले. हे प्रौढ विद्यार्थी होते. दहा वर्षांच्या मुलाला तर सलग पाहण्याचा ताण याहून अधिक होतो.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्या देशात पडद्यावरून शिक्षण देण्याचा पहिला मोठा प्रयोग उपग्रहाच्या साहाय्याने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत महाराष्ट्रातील खेडी नव्हती. तथापि त्यातील एक भाग आपल्यालाही बोध घेण्याजोगा आहे. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देताना त्या प्रयोगात एकट्या दूरदर्शनवर विसंबून राहण्यात आले नाही. त्याला रेडिओ, छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती आणि प्रत्येक ठिकाणी एक मार्गदर्शक यांची जोड देण्यात आली. पडदा एकटा पुरेसा नाही, ही जाणीव तेव्हाही होती.

महाराष्ट्रात १९८४ साली पुणे येथे ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. तिने मराठी मुलांसाठी तयार केलेले शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून दाखविले गेले, व खेड्यापाड्यांतील एका पिढीला ते आजही आठवतात. २०१७ साली ही संस्था बंद झाली. प्रक्षेपण एका ठरावीक वेळी होई. ते थांबविणे वा पुन्हा पाहणे शिक्षकाच्या हाती नसे. त्यामुळे मध्येच प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती.

ही अडचण पुढे दूर झाली. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांना चित्रफिती व प्रश्न उपलब्ध करून दिले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला, व पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याच्याशी जोडले गेले. शिक्षकाला हवी ती चित्रफीत हव्या त्या क्षणी थांबविता येऊ लागली.

२०२० सालच्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. घरातल्या घरात, भोवतालच्या वस्तू घेऊन मुलांनी करून पाहावे अशा कृती तीत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवरून मुलांना प्रश्न पाठविले जात. मुलाने उत्तरे दिली की त्याचा निकाल त्याला कळे आणि उजळणीसाठी चित्रफिती सुचविल्या जात. प्रश्न, निकाल आणि उजळणी असा हा क्रम होता. चित्रफितीला प्रत्याभरणाची जोड राज्याच्या पातळीवर देण्याचा हा उल्लेखनीय प्रयत्न होय.

अशा यांत्रिक प्रत्याभरणाच्या मर्यादाही शिक्षकाने ओळखाव्यात. चार पर्यायांतून एक निवडताना मूल अंदाजाने बरोबर ठरू शकते. चुकले तर त्याचा गुण जातो, परंतु ते का चुकले, त्याच्या मनात कोणती कल्पना होती, हे यंत्राला सहसा कळत नाही. ते विचारण्याचे काम शिक्षकाचे आहे. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा भेद ठळकपणे दिसून आला. जेथे आठवीच्या वर्गात शिक्षकाने स्वतःच्या पाठात छोट्या चित्रफिती व त्यांवरील प्रश्न वापरले तेथे मुलांची संपादणूक वाढली. जेथे सहावीच्या मुलांच्या हाती टॅब्लेट देऊन शिक्षकाला बाजूला ठेवले तेथे ती घटली.

प्रत्याभरण कसे असावे

प्रत्याभरण दिले म्हणजे लाभ होतोच, असे मात्र समजू नये. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली या विषयावरील पूर्वीच्या प्रयोगांतील ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने प्रत्याभरणाचा परिणाम चांगलाच होता. परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणानंतर काम सुधारण्याऐवजी बिघडले होते. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे, म्हणजे “मी हुशार की मठ्ठ” या विचाराकडे वळले, की प्रत्याभरणाचा गुण नाहीसा होतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

इझ्राएलमधील रूथ बटलर यांचा १९८८ सालचा प्रयोग शिक्षकांना विशेष उपयोगी आहे. काही मुलांच्या कामावर केवळ सूचना लिहिल्या, काहींना केवळ गुण दिले, काहींना गुण व सूचना दोन्ही दिले. केवळ सूचना मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. गुण व सूचना दोन्ही मिळालेल्यांची प्रगती मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की मुले सूचना वाचत नाहीत. ज्याला अधिक मिळाले तो समाधान मानतो आणि ज्याला कमी मिळाले तो खिन्न होतो. यास्तव चित्रफितीच्या पाठात मधल्या प्रश्नांना गुण देऊ नयेत.

जॉन हॅटी व हेलन टिम्परली यांनी २००७ साली चांगल्या प्रत्याभरणाची कसोटी तीन प्रश्नांत सांगितली आहे. मला कोठे पोहोचावयाचे आहे? मी आता कोठे आहे? येथून पुढचे पाऊल कोणते? शिक्षकाच्या बोलण्यातून या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाला मिळत असतील तर ते प्रत्याभरण होय. “शाब्बास” किंवा “चूक, खाली बस” या शब्दांतून तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

यावरून वर्गात पाळण्याजोगे काही नियम निघतात.

१. प्रथम मुलाला स्वतः उत्तर शोधू द्यावे. उत्तर आधीच पडद्यावर किंवा फळ्यावर दिसत असेल तर मूल ते उतरवून घेते, विचार करीत नाही.

२. बरोबर की चूक एवढेच सांगून थांबू नये. “कोणत्या कारणाने असे म्हणतोस?” असे विचारावे. पुष्कळदा कारण सांगता सांगताच मुलाला आपली चूक उमगते.

३. चूक उत्तर तसेच सोडून देऊ नये. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात चुकीचा पर्याय निवडलेल्या मुलाला खुलासा मिळाला नाही, तर तोच पर्याय पुढे खरा म्हणून त्याच्या ध्यानात राहण्याचा संभव असतो.

४. प्रत्याभरणानंतर पुन्हा करून पाहण्याची संधी द्यावी. ज्या सूचनेचा उपयोग करण्याची वेळच येत नाही ती सूचना वाया जाते.

५. बोलणे कामाविषयी असावे, मुलाविषयी नसावे. “तुझ्या आकृतीत बाणाची दिशा राहिली आहे” हे वाक्य मुलाला हालचाल करावयास लावते. “तू नेहमीच विसरतोस” हे वाक्य त्याला जागच्या जागी बसविते.

एक नमुना पाठ

हे नियम प्रत्यक्ष पाठात कसे उतरतात हे पाहण्यासाठी कळंब तालुक्यातील एखाद्या शाळेतील पाचवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. विषय आहे बाष्पीभवन. पाच मिनिटांची एक चित्रफीत शिक्षकाजवळ आहे. तीत समुद्र दाखविला आहे, सूर्य दाखविला आहे, आणि निळे बाण वर जाताना दिसतात. कळंबच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. श्रीचिंतामणीच्या मंदिरात पायऱ्या उतरून गेल्यावर दिसणारे कुंड, गावचा नाला, शेततळे आणि अवकाळी पावसात भिजलेला कापूस मात्र त्यांच्या परिचयाचा असतो. शिक्षकाने पाठाचा आरंभ येथून करावा.

चित्रफीत लावण्यापूर्वी प्रश्न विचारावा: “भिजलेला कापूस अंगणात वाळत घातला. सायंकाळी तो कोरडा झाला. त्यातले पाणी कोठे गेले?” प्रत्येक मुलाने उत्तर आपल्या पाटीवर लिहावे, आणि खूण केल्यावर सर्वांनी पाट्या एकदम वर कराव्यात. हात वर करणाऱ्या चार मुलांची उत्तरे ऐकण्यापेक्षा ही रीत चांगली. पाटीमुळे मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या मुलीचे उत्तरही शिक्षकाला दिसते. या वेळी कोणालाही बरोबर किंवा चूक म्हणू नये. कोणत्या प्रकारची किती उत्तरे आली एवढेच फळ्याच्या कोपऱ्यात टिपून ठेवावे.

सामान्यतः चार प्रकारची उत्तरे येतील. काही मुले म्हणतील, पाणी जमिनीत मुरले. काही म्हणतील, पाणी कापसाने पिऊन टाकले. काहींच्या मते ते सूर्याने ओढून घेतले. एखाददुसरे मूल ऐकलेला शब्द लिहील: बाष्पीभवन झाले. या चारही उत्तरांना निरनिराळे प्रत्याभरण हवे आहे, आणि ते देण्याचा उत्तम मार्ग वस्तूलाच उत्तर देऊ देणे हा होय.

काठीच्या दोन टोकांना दोन सारख्या झाकण्या बांधून तराजू करावा. एका झाकणीत ओला कापूस मोकळा करून ठेवावा, दुसरीत तेवढ्याच वजनाचे खडे ठेवावेत. काठी समतोल झाली की हा तराजू वारा लागणार नाही अशा बेताने उन्हात टांगावा. मोठ्या सुट्टीनंतर मुले पाहतील की कापसाची बाजू वर गेली आहे. कापसाने पाणी पिऊन ठेवले असते तर वजन तेवढेच राहिले असते. झाकणीला छिद्र नाही, तिच्याखालची जमीन कोरडी आहे. म्हणजे पाणी जमिनीतही मुरले नाही. ज्या मुलाने सूर्याचे नाव घेतले होते त्याला ओल्या कापसाचा दुसरा बोळा सावलीत, पडवीत ठेवावयास सांगावे. तो उशिराने का होईना, पण वाळतो. तेव्हा ऊन मदत करते, परंतु पाणी ओढून नेणारा सूर्य नव्हे, हे त्याला स्वतःलाच दिसते. टकळीवरच्या धाग्याने जे काम केले तेच येथे तराजू करतो.

ज्याने ‘बाष्पीभवन’ हा शब्द लिहिला त्याच्याकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. शब्द बरोबर आला म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. “म्हणजे ते पाणी आता कोठे आहे?” असे विचारले तर कदाचित तो म्हणेल, “संपले.” हा मुलगा व पाणी मुरले म्हणणारा मुलगा यांच्या समजुतीत फारसे अंतर नाही. त्याच्यासमोर उकळत्या पाण्यावर थंड थाळी धरावी. थाळीच्या खालच्या बाजूस जमलेले थेंब पाहून, पाणी नाहीसे होत नाही, रूप बदलते, हे त्याला पटते.

तराजू उन्हात असताना चित्रफीत दाखवावी, आणि ती तीन ठिकाणी थांबवावी. सूर्य दिसल्याबरोबर थांबवून विचारावे, “पुढे काय होईल?” निळे बाण दिसल्यावर विचारावे, “हे बाण खरोखर आकाशात दिसतात का? मग चित्रकाराने ते कशासाठी काढले?” हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वाफ निळी असते व ती बाणासारखी सरळ वर जाते असा ग्रह चित्रावरून होऊ शकतो. शेवटी डबके काही सेकंदांत आटताना दिसेल, तेथे विचारावे, “आपल्या शाळेपुढचे डबके आटावयास किती दिवस लागतात?” चित्रफितीने काळ आखूड केला आहे हे मुलांना कळले पाहिजे. प्रत्येक वेळी पाट्या वर होतील आणि शिक्षकाला कळेल की पुढे जावे, का तोच भाग पुन्हा दाखवावा.

सुट्टीनंतर तराजू पाहून झाल्यावर पहिलाच प्रश्न पुन्हा विचारावा व उत्तर वहीत कारणासह लिहून घ्यावे. शिक्षकाने वहीत गुण न लिहिता एकच वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, “वजन कमी झाले हे तू बरोबर टिपलेस, आता ते पाणी कोठे गेले ते एका वाक्यात जोड.” तीन दिवसांनी ओल्या फरशीविषयी किंवा दोरीवरच्या कपड्यांविषयी त्याच जातीचा नवा प्रश्न विचारावा. तेथेही कारण बरोबर आले तर पाठ पक्का झाला असे समजावे.

घरची बोली

यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांबरोबरच कोलामी, गोंडी व बंजारा बोली घरी बोलणारी मुले आहेत. चित्रफितीची भाषा बहुधा प्रमाण मराठी असते आणि तिची गती जलद असते. एखादा अपरिचित शब्द आला की मूल तेथेच अडते, आणि चित्रफीत मात्र पुढे गेलेली असते. अशा वेळी मुलाचे मौन म्हणजे अज्ञान असे शिक्षकाने मानू नये.

एखाद्या मुलाने “पाणी आटलं” असे सांगितले, तर विज्ञानाच्या दृष्टीने त्याचे उत्तर पुष्कळसे बरोबर आहे. त्याला प्रथम त्या बरोबरीची पावती मिळावी, आणि नंतर शिक्षकाने म्हणावे, “आपण ज्याला आटणे म्हणतो, त्यात पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. याला पुस्तकात बाष्पीभवन म्हटले आहे.” आधी शब्द दुरुस्त करून मग आशय पाहिला, तर आपला आशयच चुकला असे मुलाला वाटते व पुढच्या वेळी ते पाटी कोरी ठेवते. “काहून?” असे विचारल्याने मूल मोकळेपणी कारण सांगू लागत असेल, तर शिक्षकाने तसे विचारण्यात संकोच मानू नये. ज्याला शब्द सापडत नाही त्याने चित्र काढून किंवा करून दाखवावे. घरची बोली जाणणाऱ्या सोबत्याने त्याचे म्हणणे वर्गाला सांगितले तरी चालेल.

द्विशिक्षकी शाळेतील अडचण

खेड्यातील अनेक शाळांत दोन शिक्षकांकडे चार किंवा पाच वर्ग असतात. अशा शाळेत एका वर्गासमोर चित्रफीत लावून दुसऱ्या वर्गाकडे वळणे ही शिक्षकाची गरज असते, आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्या वेळीही प्रत्याभरणाची काही व्यवस्था करता येते. चित्रफितीपूर्वी फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवावेत. वर्गातील एका मुलाकडे चित्रफीत ठरलेल्या जागी थांबविण्याचे काम द्यावे. हे काम पाळीपाळीने सर्वांकडे यावे. मुलांनी जोडीजोडीने आपली उत्तरे एकमेकांस दाखवावीत, आणि जेथे दोघांचे उत्तर निराळे येईल तेथे पाटीवर फुली करून ठेवावी. शिक्षक परत आल्यावर सर्व उत्तरे तपासण्याऐवजी त्याने केवळ फुल्यांच्या जागा घ्याव्यात. दहा मिनिटांचा वेळ असला तरी तो जेथे गरज आहे तेथे खर्च होतो.

दोघांचे चुकीचे उत्तर एकच असेल तर फुली पडणार नाही, हा या रीतीचा दोष आहे. म्हणून तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर तरी शिक्षकाने सर्वांच्या पाट्यांवर स्वतः पाहावे.

शिक्षकाला मिळणारे प्रत्याभरण

प्रत्याभरण मुलाला मिळते तसे मुलांच्या उत्तरांतून ते शिक्षकालाही मिळत असते. ज्या प्रश्नाला निम्म्याहून अधिक पाट्यांवर एकच चुकीचे उत्तर आले, तेथे मुले कमी पडलेली नसून पाठाची मांडणी अपुरी पडली आहे असे समजावे. चित्रफितीचे नाव, ती कोठे थांबविली, कोणता प्रश्न विचारला व कोणती चुकीची उत्तरे आली, एवढ्या चार गोष्टींची नोंद टाचणवहीत ठेवली, तर पुढील वर्षी तोच पाठ घेताना शिक्षकाचा मार्ग सुकर होतो. एखादी चित्रफीत गैरसमज वाढविणारी आहे असे आढळले, तर तीही नोंद करून ठेवावी व ती फीत दाखविण्याचे सोडून द्यावे.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत या नोंदी एकत्र वाचून पाहाव्यात. त्यासाठी पुढील मुद्दे उपयोगी पडतील.

१. या महिन्यात कोणती चित्रफीत दाखविली? तीतील कोणत्या जागी थांबणे फलदायी ठरले?

२. मुलांची कोणती चुकीची कल्पना प्रथमच लक्षात आली?

३. ती दूर करण्यासाठी कोणती वस्तू, कृती किंवा उदाहरण उपयोगी पडले?

४. कोणत्या मुलांच्या पाट्या वारंवार कोऱ्या राहिल्या, व त्यांचे कारण भाषा होते, अनुपस्थिती होती की भीती?

यांतील चौथ्या मुद्द्याला परिषदेत सर्वांत अधिक वेळ द्यावा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कित्येक मुलांची हजेरी तुटते आणि परतलेले मूल वर्गाच्या मागे पडलेले असते. त्याच्यासाठी चित्रफीत हे खरोखरच मोठे साधन आहे, कारण चुकलेला पाठ त्याला पुन्हा पाहता येतो. परंतु नुसती चित्रफीत दाखवून त्याची भरपाई होणार नाही. पाठ पाहून झाल्यावर शिक्षकाने पाच मिनिटे त्याच्याजवळ बसावे, त्याची पाटी पाहावी आणि पुढचे पाऊल कोणते ते त्याला सांगावे.